बुदैया रस्त्यावरचं मैदान

शिवदास पडला त्या दुपारी त्याची बायको शेवंती वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात बिया सोलत होती. चिकानं बोटं काळी पडलेली आणि मुकादमीण पुढच्या टोपलीसाठी घाई करत होती. त्या दुपारची तिला एवढीच आठवण राहिली, तीही नंतर दिवस जुळवून काढलेली. शिवदास गेल्याची तार घरी पोचली तोवर बहारीनमध्ये त्याचं दहनसुद्धा उरकलं होतं. मनाम्यातल्या देवळाच्या लोकांनी सगळी व्यवस्था केली, असं त्याचा थोरला भाऊ महादेव यानं मागाहून कळवलं. अस्थी कुडाळचा एक माणूस सुट्टीवर येताना घेऊन आला. पांढरं फडकं बांधलेला पितळी डबा आणि सोबत शिवदासचं मनगटी घड्याळ.

शेवंती रडली नाही. बायका जमल्या, सासू काशीबाईनं ऊर बडवून घेतला, खाडीत अस्थी सोडल्या, दिवसकार्य झालं. शेवंती सगळीकडे हजर होती, सांगतील ते करत होती. धक्का बसलाय, तिला रडवा, असं बायका म्हणू लागल्या. शेजारच्या एका म्हातारीनं त्यासाठी तिच्या थोबाडीतही मारली. गाल लाल झाला, त्यापलीकडे काही झालं नाही. तेरावं उरकल्यावर ती परत कारखान्यात जाऊ लागली.

लग्न शिवदासनं सुट्टीवर येऊन केलं होतं, पावसाआधीच्या घाईत, आणि महिन्याभरात तो बहारीनला परतला होता. त्या महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेलं. तो तिच्याशी फारसा बोललाही नव्हता. पण हे ती कुणाला सांगणार होती? विधवेनं रडायचं असतं आणि ती रडत नव्हती, एवढंच गावाला दिसत होतं.

शिवदास ज्या मैदानावर पडून मेला त्याची हकिकत अशी.

बुदैया रस्त्यावर खजुरीच्या बागा संपून उघडं माळरान लागायचं, तिथं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक तांत्रिक कॉलेज निघालं. वेल्डिंग, वीजकाम, यंत्रं शिकवायला काही अमेरिकन मास्तर आणले होते. त्यांतल्या एकाला सगळे कोच म्हणायचे. त्याचं खरं नाव कामगारांना कधी कळलंच नाही. त्यानं कॉलेजच्या मागची खडकाळ जमीन मागून घेतली आणि मुलांना बेसबॉल शिकवायला लागला. मुलं फुटबॉलवर वाढलेली. क्रिकेट त्यांनी हिंदी लोकांना खेळताना पाहिलेलं. हा तिसरा खेळ त्यांनी आधी गंमत म्हणून घेतला. गवत नव्हतंच. माती चाळायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा आणि वर फक्कीच्या रेघा ओढायच्या. वारा सुटला की रेघा उडून जायच्या आणि खेळ थांबायचा.

मग एका हिवाळ्यात कॉलेजच्या मुलांनी जुफैरच्या तळावरच्या अमेरिकन नौसैनिकांना हरवलं. ती बातमी बरीच फिरली. लगेच कॉलेजच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की नीट स्टेडियम बांधायचं. नीट म्हणजे एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, त्यांवर लोखंडी कैच्यांनी पेललेलं पत्र्याचं छप्पर आणि पुढं चेंडू अडवायला तारेची जाळी. बाकी तिन्ही बाजूंना कुंपण. पण फाटकावर अरबीत आणि इंग्रजीत स्टेडियम असं रंगवलं गेलं आणि मग सगळेच तसं म्हणू लागले.

महादेव आणि शिवदास दोघं सुतार. एका कंत्राटदाराकडे सेंट्रिंगच्या कामावर होते. पायऱ्यांचे साचे त्यांनीच ठोकले. १९७६च्या उन्हाळ्यात छप्पर चढवायला घेतलं. दुपारी वारा उठला, खालून पत्रा उचलला गेला, आणि पत्र्याचं दुसरं टोक धरून बसलेला शिवदास त्याच्यासकट खाली पायऱ्यांवर आला. महादेव तेव्हा खाली पाणी प्यायला उतरलेला होता. दोन दिवस काम बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी उरलेले पत्रे चढवले गेले.

हिवाळ्यात स्टेडियम उघडलं. पताका लावल्या होत्या, पोलीस बँड आला होता. कंत्राटदाराचं काम संपलं तसे त्याचे लोक दुसरीकडे गेले, पण कोचनं महादेवला मैदान राखायला ठेवून घेतलं. महादेव नाही म्हणाला नाही. का म्हणाला नाही, हे त्याला कुणी विचारलंही नाही.

तीन वर्षांनी तो सुट्टीवर गावी आला तेव्हा त्यानं शेवंतीसाठी कामाची बातमी आणली. मुनीरा नावाची एक शिक्षिका होती, बुदैयाला राहणारी. तिला दोन लहान मुलं सांभाळायला घरात बाई हवी होती. घर चांगलं होतं. मुनीराचे वडील पूर्वी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जायचे, त्यामुळे घरात सगळ्यांना हिंदी समजत होतं. काशीबाईनं आधी नाही म्हटलं, मग महादेवची बायको लक्ष्मी हिनं तिची समजूत घातली. शेवंतीला कुणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, जाईन.

१९७९च्या नोव्हेंबरात ती मुनीराच्या घरी आली. घराला मागं अंगण, अंगणात डाळिंबाचं झाड, पलीकडे बागा आणि त्यांच्याही पलीकडे समुद्र. काम तिला जड नव्हतं. मुलं सकाळी शाळेत जायची, मुनीराही जायची, तिचा नवरा बँकेत. शेवंती घर झाडायची, कपडे धुवायची, मुलांना भरवायची. ती कमी बोलते, हे मुनीराला बरं वाटलं.

मुनीराचा धाकटा भाऊ लतीफ त्याच कॉलेजात शिकत होता आणि बेसबॉलच्या संघात होता. थंडी पडली की दर शुक्रवारी दुपारी सामना असायचा आणि घरचे सगळे बघायला जायचे. पहिल्याच महिन्यात मुनीरानं शेवंतीलाही मुलांबरोबर गाडीत घातलं.

फाटकातून आत आल्यावर शेवंतीला समोर महादेव दिसला. डोक्याला पंचा गुंडाळून तो फक्कीचा डबा घेऊन रेघ ओढत होता. भावजी एका कॉलेजात कामाला आहेत एवढंच तिला माहीत होतं. महादेवनंही तिला पाहिलं. तो डबा खाली ठेवून उभा राहिला, पण पुढे आला नाही.

बायकामाणसांना आणि मुलांना बसायला उजवीकडचं शेवटचं टोक राखलेलं होतं. तिथं जाळी नव्हती पण सावली चांगली होती. मुनीरानं तिला जागा दाखवून बसवलं. मुलं भोपळ्याच्या बिया फोडत होती, शेजारच्या बायका अबाया सावरून गप्पा मारत होत्या. शेवंतीनं वर पाहिलं. पत्रे, लोखंडी कैच्या, बोल्ट. मग तिनं पायाखाली पाहिलं. शिवदास पत्र्यासकट पायऱ्यांवर पडला, एवढं तिनं ऐकलं होतं. तिला कुणी काही सांगायची गरज राहिली नव्हती.

सामना संपल्यावर माणसं पांगली तेव्हा महादेव पायऱ्यांपाशी आला. मुलांना पाणी पाजण्याच्या निमित्तानं ती मागं राहिली होती.

"भावजी, ही तीच जागा?" तिनं विचारलं.

"होय."

"खंय?"

महादेवनं हातानं दाखवलं. ती बसली होती तिथून दोन पायऱ्या खाली. मग तो म्हणाला की आधी सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर ती आली नसती, आणि हे घर चांगलं आहे. शेवंती त्या पायरीकडे पाहत राहिली. सिमेंट होतं. त्यावर बियांची टरफलं पडली होती. काहीतरी वर येईल म्हणून ती थांबली. काही आलं नाही. मुलगा तिचा पदर ओढायला लागला, तशी ती त्याला घेऊन गाडीकडे गेली.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आली. तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, पण असता तरी ती आली असती. दर वेळी ती तिथंच बसायची, कधी वरच्या पायरीवर, कधी त्याच पायरीवर. हळूहळू मुलांनी तिला खेळ शिकवला. मारणाऱ्यानं चेंडू मारायचा, पळायचं, एकेक ठिकाण गाठत जिथून निघालो तिथं परत यायचं. परत आलं की एक गुण. मधल्या ठिकाणी कुणी अडकून पडला की तो तिथंच उभा राहायचा, पुढचा कुणी मारेपर्यंत. शेवंतीला ते उभं राहणं कळायचं. ती त्या अडकलेल्या मुलाकडे बघत बसायची.

ती वर्षं स्टेडियमच्या भरभराटीची. नौसैनिकांचा संघ यायचा, कोरियन कंपनीच्या लोकांचा यायचा, एकदा कुवेतहून बसभर पोरं सौदीमार्गे आणि पुढं होडीनं आली. एवढा मोठा संघ कुणी पाहिलेला नव्हता. पायऱ्या भरून माणसं जमिनीवर बसायची. लतीफ चेंडू फेकणारा होता, उंच, लांब हातांचा, आणि त्याचं नाव घेऊन मुलं ओरडायची. मनाम्याच्या बाजारात दुकानदार त्याला चहा पाजायचे. फाटकाबाहेर इलियास नावाचा कराचीचा टॅक्सीवाला सरबताची गाडी लावायचा. शुक्रवारी टॅक्सीपेक्षा त्यात जास्त सुटतं, असं म्हणायचा. कोच म्हातारा होत चालला होता. तो खेळ चालू असताना कधी बसायचा नाही.

महादेव आणि शेवंती क्वचित बोलायची. लक्ष्मीचं पत्र आलं की तो तेवढं सांगायचा. आईला दम लागतो. गाय व्याली. फणसाला यंदा कमी धरलंय. शेवंती हूं म्हणायची. गावाकडची बाई थोरल्या दिरापुढे जेवढ्या अंतरानं उभी राहते तेवढ्या अंतरानं ती उभी राहायची. एवढं असलं तरी बहारीनमध्ये तिला गावापासून ओळखणारा तो एकच होता.

१९८३च्या जानेवारीत एका सामन्यात नौसैनिकांच्या एका दांडग्या पोरानं चेंडू तिरका मारला. चेंडू जाळीच्या बाहेरून वळला आणि थेट बायकांच्या टोकाकडे आला. बायका ओरडून खाली वाकल्या. शेवंतीनं हात वर केला, तो चेंडू अडवायला की तोंड झाकायला हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. चेंडू मनगटावर बसला, तिचा तोल गेला आणि ती दोन पायऱ्या खाली जाऊन पडली.

महादेव मैदानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात होता. तो खेळातून आडवा धावत आला. कुणी ओरडत होतं, कोचनं हात वर करून खेळ थांबवला. महादेव पायऱ्या चढून आला, शेवंतीजवळ पोचला, आणि तिला उठवायचं सोडून त्या पायरीवर दोन्ही हात टेकून बसला. त्याच्या तोंडून आवाज निघत होता. आधी कुणाला कळलं नाही की तो रडतोय. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, केस पांढरे, अंगावर फक्की, आणि तो लहान पोरासारखा रडत होता.

शेवंतीचं मनगट सुजून वर आलं होतं. दुखत होतं. तिनं दुसऱ्या हातानं महादेवच्या खांद्याला धरलं आणि सांगितलं की काही झालेलं नाही, उठा. हे ती किती वेळा म्हणाली कोण जाणे. भावजींना बघून आपल्यालाही काही व्हायला हवं, असं तिच्या मनात आलं. झालं नाही. तिला त्यांची कीव आली आणि थोडा हेवाही वाटला.

लतीफनं तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून संध्याकाळी ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी महादेव विचारपूस करायला आला. मुनीरानं त्याला मागच्या अंगणात खुर्ची दिली, चहा दिला आणि ती आत निघून गेली. शेवंती डाळिंबाच्या झाडाखाली उभी होती. महादेव म्हणाला की आदल्या रात्री त्याला झोप लागली नाही. पायरीवर तिला पडलेली पाहिलं आणि तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आला, शिवदासही तसाच एका कुशीवर पडला होता. मग त्यानं विचारलं, तुला तिथं दर शुक्रवारी बसवतं तरी कसं?

शेवंतीनं प्लास्टरच्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार दिला.

"भावजी," ती म्हणाली, "माका तेंचा तोंड आठवणा नाय."

महादेवला आधी समजलं नाही.

"कोणाचा?"

"तेंचा."

मग तिनं सगळं सांगितलं. लग्नाचा फोटो आठवतो, पण त्यात मुंडावळ्या आहेत आणि मान खाली आहे. फोटोबाहेरचा माणूस आठवत नाही. आवाज तर मुळीच नाही. तार आली तेव्हा नाव वाचून कुणाचं तरी नाव वाचल्यासारखं झालं. बायका रडत होत्या त्या तिच्यासाठी रडत होत्या, आणि तिला वाटत होतं की आपण कुणाचं तरी चोरून घेतलंय. इथं आल्यावर जागा बघू, बसू, म्हणजे काहीतरी आठवेल, असं तिनं मनात धरलं होतं. तीन वर्षं झाली बसून.

"जागा बघलंय," ती म्हणाली, "तरी काय नाय."

एवढं ती आयुष्यात एका वेळी कधी बोलली नव्हती. भावजी रागावतील असं तिला वाटलं. त्यांच्या सख्ख्या भावाबद्दल ती बोलत होती. महादेवनं कप खाली ठेवला, तोंडावरून हात फिरवला.

"तो बोलको होतो," तो शेवटी म्हणाला. "घराकडे गप्प ऱ्हवायचो. हंय नाय."

त्या दिवशी तो एवढंच बोलून गेला. पण पुढच्या शुक्रवारी सामना संपल्यावर तो पायऱ्यांपाशी आला आणि थोडं अंतर ठेवून बसला. त्यानं सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत शिवदास सेंट्रिंगची फळी घेऊन कोचची नक्कल करायचा. कोच जसा वाकून, पाय फाकवून, दात खाऊन बॅट धरायचा तसाच हा फळी धरायचा, आणि दुसरा कुणीतरी त्याच्याकडे टोमॅटो फेकायचा. एकदा खरा कोच मागं येऊन उभा राहिला. सगळे गप्प. मग कोचनं फळी मागून घेतली आणि हात कसे धरायचे ते दाखवलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यानं दुसरं काही सांगितलं. कामगारांच्या कॅम्पात दशावतार व्हायचा, पत्र्याच्या डब्यावर ताल धरून. शिवदास संकासुर करायचा, तोंडाला कोळसा फासून, आणि मलबारी पोरं भाषा कळत नसतानाही पोट धरून हसायची. तो पालीला घाबरायचा. आठवड्यातून एकदा कुळथाची पिठी करायचा आणि ती नेहमी खारट व्हायची. भटक्या मांजरांना सार्डिनच्या डब्यातलं तेल चाटायला द्यायचा. बाजारातल्या चहावाल्याकडून सगळ्यांच्या आधी अरबी शिकला. ते घड्याळ त्यानं अर्धा दिवस घासाघीस करून घेतलं आणि मग म्हणाला की आता बायको म्हणेल, एवढ्या मोठ्या घड्याळात भातही मोजता येईल.

शेवंतीनं त्या वेळी वर पाहिलं.

"माझा नाव काढल्यानी?"

"काढी ना," महादेव म्हणाला. "म्हणे, आमची शेवंती खूप हुशार आसा, ती बोलणा नाय पण सगळा बघता."

ते खरं असेल किंवा भावजींनी आत्ता रचलेलं असेल. तिनं विचारलं नाही. दुसऱ्या गावच्या कुणा ओळखीच्या माणसाची खबर ऐकावी तसं ती हे सगळं ऐकायची. पालीचं ऐकून एकदा तिला हसू आलं. तिला तो माणूस आवडायला लागला असता, असं कधीकधी वाटायचं. पण तो तिचा नवरा होता, हे काही केल्या त्याला जोडता यायचं नाही.

असं ते दोन हिवाळे चाललं. मग महादेवकडचं संपलं. तो तेच तेच सांगायला लागला, कोचची नक्कल, खारट पिठी, पुन्हा नक्कल. एका वेळी कुणी टोमॅटो फेकायचा, दुसऱ्या वेळी कांदा. शेवंतीनं कधी अडवलं नाही. ती पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकायची. भावजींना ते बोलणं हवं होतं, हे तिला कळलं होतं.

तोवर स्टेडियमची कळाही उतरायला लागली होती. १९८४मध्ये कोचचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निरोपाला लतीफ आणि जुने खेळाडू जमले, कोचनं प्रत्येकाशी हात मिळवला. महादेवशी हात मिळवताना तो काही बोलला, पण महादेवला इंग्रजी कळलं नाही आणि त्यानं ते कुणाला विचारलंही नाही. त्याच्या जागी दुसरा अमेरिकन आला, तो वर्षभरात गेला. तेलाचे भाव पडले तसे कॉलेजचे बाहेरचे मास्तर कमी झाले. नव्या मुलांना फुटबॉल हवा होता. लतीफला रिफायनरीत नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, त्याच्या खांद्यानंही दगा दिला होता. शुक्रवारी पायऱ्यांवर दहा-बारा माणसं असायची. इलियासनं सरबताची गाडी विकून टाकली. मुनीराची मुलं मोठी झाली आणि त्यांना शुक्रवारी मित्रमैत्रिणींकडे जायचं असायचं. शेवंती एकटी चालत जायची, तासभर बसून परत यायची.

काशीबाई त्याच सुमारास वारली. महादेव गावी जाऊन आला. शेवंती गेली नाही.

१९८६च्या अखेरीस सौदीला जोडणारा समुद्रातला पूल उघडला आणि बुदैया रस्त्यावर गाड्या वाढल्या. रस्ता रुंद करण्यात आला. कॉलेज आधीच दुसऱ्या संस्थेत मिळवलं गेलं होतं, वर्ग हलवले होते. स्टेडियम पाडून तिथं गाड्या उभ्या करायला जागा करणार, असं कळलं. कुणी फारशी हरकत घेतली नाही. लतीफ एकदा कॅमेरा घेऊन येऊन गेला.

पत्रे काढायला घेतले त्या शुक्रवारी शेवंती गेली होती. केरळची चार-पाच तरणी पोरं वर चढून बोल्ट सोडवत होती. महादेव खाली दोर धरून उभा होता. तो जेवायला गेला नाही, पाणी प्यायलाही हलला नाही. वारा होता. प्रत्येक पत्रा दोराला बांधला जाईपर्यंत तो वरच्या पोराकडे डोळे लावून राहायचा आणि मोडक्या हिंदीत ओरडायचा, धीरे, धीरे. पोरं त्याला हसत होती. शेवंती कुंपणाला टेकून उभी राहिली. तिसऱ्या प्रहरची अस्राची बांग झाली, उन्हं कलली, शेवटचा पत्रा खाली आला. कुणी पडलं नाही. महादेवनं दोर सोडला तेव्हा त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती.

पायऱ्या पुढच्या आठवड्यात मशीननं फोडल्या. त्या दिवशी ती गेली नाही. मुनीराकडे पाहुणे होते.

मैदान गेलं तशी महादेवची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर व्हिसा. निघायच्या दोन दिवस आधी तो मुनीराच्या अंगणात येऊन बसला. लक्ष्मीनं निरोप दिला होता की शेवंतीला घेऊन या, घर मोठं आहे, आता सासूही नाही. महादेवनं ते सांगितलं. मग आपल्या मनानं म्हणाला की तुझं वय झालेलं नाही, कुणाला काय वाटेल याचा विचार करू नकोस, गावी ये, काय ते बघू.

"थंय माझा काय आसा?" शेवंती म्हणाली.

तो पंच्यानं तोंड पुसायला लागला.

"हंय पण काय नाय," ती म्हणाली. "पण काम आसा. मुनीराबाई बरी आसा."

महादेवनं मान हलवली. जाताना तो डाळिंबाच्या झाडाला हात लावून थोडा थांबला, जणू काही अजून एखादी गोष्ट सांगायची राहिली होती. मग म्हणाला, बरं तर.

त्याला सोडायला ती विमानतळावर गेली. इलियासनं टॅक्सी आणली, भाडं घेणार नाही म्हणाला. महादेवनं नवा सदरा घातला होता, बॅगेला दोरी बांधली होती. आत जायच्या दारापाशी ती त्याच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा हात लावला होता. मागची माणसं पुढं ढकलत होती.

"तब्येत सांभाळा," ती म्हणाली.

"होय."

तो आत गेला. काचेतून थोडा वेळ त्याचं डोकं दिसत होतं, मग दिसेनासं झालं.

परतीच्या वाटेवर इलियास पूल बांधल्यापासून धंदा कसा वाढला ते सांगत राहिला. गुरुवारी सौदीहून माणसं येतात, हॉटेलं भरतात, टॅक्सीला सवड नसते. शेवंती मागच्या सीटवर बसून ऐकत होती. मनामा मागं पडलं, बुदैया रस्ता लागला. रस्ता आता चांगला रुंद होता, मध्ये दिव्यांचे खांब, दोन्ही बाजूंना गाड्या. इलियासनं बोलता बोलता गाडी भरधाव सोडली. खजुरीच्या बागा आल्या आणि गेल्या. ते मैदान होतं ती जागाही येऊन गेली असणार, पण कुठं ते तिच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा गाडी बरीच पुढं आली होती. मागं वळून पाहता आलं असतं. तिनं पाहिलं नाही.

घरी मुनीरा दारातच उभी होती. गेले का, असं तिनं विचारलं. शेवंती हो म्हणाली. मग मुनीरानं सांगितलं की लतीफ आणि त्याची बायको जेवायला येतायत, मासळी आणलेली आहे. शेवंतीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि ती मासे साफ करायला बसली.